नवगाव ते मानखुर्द : बेघरांच्या घरांची हकीकत

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम वाटले, की सिनेगॉगची स्थापना, जुने मुकादम आणि हजान, सेफेर तोराच्या देणग्या यांविषयी माझ्याहून अधिक माहितगार मंडळी लिहितीलच. मग आपण काय लिहावे? विचार करता करता मन मुंबईला गेले. आपल्यापैकी पुष्कळ वडीलधाऱ्यांचे बालपण भायखळा, नागपाडा, डोंगरी, मांडवी या भागांत गेले. त्या रस्त्यांच्या कडेने, फुटपाथवर, बांबू आणि गोणपाटाच्या आडोशाने राहणारी कुटुंबे आपण रोज पाहत होतो. शाळेला जाताना त्यांच्या चुलींना वळसा घालून जात होतो. त्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. कारण ते घडले तेव्हा आपण सामान बांधून इकडे आलो होतो. ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. वाचकांना प्रथम ती परक्याची वाटेल. पण बेघर माणसाला घर मिळणे म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही.

आपण कोण होतो

आपल्या समाजाची कहाणीच मुळी एका बेघर जमातीची आहे. परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर पुरली. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु घडले त्याचा पुढचा भाग आपण कधी नीट लक्षात घेत नाही, तो मला आज महत्त्वाचा वाटतो.

त्या चौदा माणसांजवळ काही नव्हते. कपडालत्ता नाही, ग्रंथ नाहीत, गावची भाषा नाही. कोकणातल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, हे तर खरेच. पण नुसता आसरा मिळाला असता तर ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी पडवीतच राहिली असती. त्यांना तेल गाळण्याचा धंदा मिळाला. शनिवारी घाणा बंद ठेवण्याची मोकळीक मिळाली आणि गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले. मग ती कुटुंबे गावोगाव पसरली, आणि ज्या गावात घर झाले त्या गावाचे नाव त्यांना लागले. किहीमला राहिले ते किहीमकर, पेणला राहिले ते पेणकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. आज अश्दोदला किंवा लोदला जन्मलेल्या आपल्या नातवंडांच्या नावापुढेही कोकणातले एखादे गाव असते.

आडनाव म्हणजे काय, तर पत्ता. ज्यांना समुद्राने पत्ता ठेवला नव्हता, त्यांना गावाने तो दिला. छप्पर, धंदा, शेजार आणि पत्ता या चार गोष्टी एकत्र मिळाल्या म्हणून आपण टिकलो. पुढच्या हकीकतीत या चारही गोष्टी पुन्हा पुन्हा येणार आहेत.

हाइलचा दाता

नागपाड्यात आपली वस्ती मुसलमान शेजाऱ्यांच्या वस्तीला लागून होती. त्यामुळे हातिमताईच्या गोष्टी ठाऊक नाहीत असा आपल्या पिढीत कुणी सापडणार नाही. १९५६ साली होमी वाडियांचा ‘हातिमताई’ चित्रपट आला, तोही कित्येकांनी पाहिला असेल. पण हा हातिम कुठला, हे मात्र आपल्याला कुणी सांगितले नव्हते. तो अरबस्तानातल्या हाइल परगण्याचा, तय्य जमातीचा. इस्लामच्या आधीच्या काळातला, सहाव्या शतकातला. अजा आणि सलमा या दोन डोंगररांगांच्या मुलखात तो राहत असे. हाइलजवळच्या समरा टेकडीवर तो रात्री विस्तव पेटवून ठेवी, म्हणजे वाळवंटात वाट चुकलेल्याने उजेड पाहून यावे, अशी आख्यायिका आहे. घरात पाहुण्याला वाढायला काही नव्हते तेव्हा त्याने आपला लाडका घोडा कापला, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

हाइलने हा लौकिक पुढेही सांभाळला. एकोणिसाव्या शतकात तेथे इब्न रशीद घराण्याचे राज्य होते. १८७९ साली इंग्लंडच्या लेडी अॅन ब्लंट तेथे गेल्या, तेव्हा अमीराच्या वाड्यातल्या मुदपाकखान्यातल्या प्रचंड हंड्या पाहून त्या चकित झाल्या. रोज येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांत उंटांचे मांस शिजत असे.

हातिमची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. परंतु अरबांच्या रिवाजाप्रमाणे पाहुणचार तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी पाहुण्याने आपली वाट धरायची. ज्याला जायला वाटच नाही, त्याचे काय? पुढे इब्न सौद यांनी १९१२ सालापासून नज्दमधल्या भटक्या टोळ्यांना विहिरींच्या आसपास कायमचे वसवण्यास आरंभ केला. १९२१ साली हाइल त्यांच्या ताब्यात आल्यावर तिकडेही तेच धोरण गेले. त्या वसाहतींना ‘हिज्रा’ म्हणत. तेथे जमीन होती, घरे होती, धर्मशिक्षण होते. पण कुणी कुठे राहायचे आणि कशासाठी राहायचे हे वरून ठरत होते, आणि लढाईसाठी माणसे तयार ठेवणे हाही त्यामागचा हेतू होता. १९२९ साली त्यांतल्याच काही टोळ्यांनी बंड केले. यावरून एवढेच घ्यायचे, की पाहुण्याला जेवू घालणे निराळे आणि माणसाला वसवणे निराळे. दुसऱ्या कामाला नुसते मोठे मन पुरत नाही.

दानशूरपणात आपल्या मुंबईचे ससून घराणेही हाइलच्या हातिमला हार गेले नसते. भायखळ्याचे मागेन दाविद सिनेगॉग १८६१ साली डेव्हिड ससून यांनी बांधले. पुण्यात त्यांच्या नावाचे अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासून निराधार वृद्धांना आसरा देत आले आहे; पुणेकर त्याला ‘निवारा’ म्हणूनच ओळखतात. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याला निवारा हवाच. पण भायखळ्याच्या फुटपाथवरची माणसे पंगू नव्हती. ती पहाटे उठून कामाला जात होती.

फुटपाथवरची माणसे

सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, वॉटर स्ट्रीट, डॉकयार्ड रोड ही नावे वाचताच आपल्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहील. भिंतीला टेकवलेले बांबू, वर प्लास्टिक, आत एक ट्रंक आणि चार भांडी. पुरुष गोदीत किंवा बाजारात हमाली करीत, हातगाडी ओढीत, भंगार गोळा करीत. बायका जवळपासच्या घरी धुणीभांडी करीत. दुष्काळ, पूर, कर्ज यांनी गावातून हाकललेली ही माणसे होती. काही आपल्या महाराष्ट्राच्या कोरड्या जिल्ह्यांतली, काही बिहारची, काही दक्षिणेकडची. ती फुटपाथवरच का राहिली, असे आपण तेव्हा विचारीत असू. उत्तर सोपे होते. काम पायी जाण्याच्या अंतरावर होते. दूर उपनगरात झोपडी बांधली तर गाडीभाड्यातच मजुरी संपली असती.

१९८१ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवरची झोपडी हटवण्याचा आणि लोकांना आपापल्या गावी धाडण्याचा हुकूम काढला. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसांना बसगाड्यांत घालून शहराबाहेर नेण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण याविरुद्ध न्यायालयात गेले. ते प्रकरण चार वर्षे चालले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले. हे वाक्य आज जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. परंतु त्याच निकालात असेही म्हटले होते, की फुटपाथ हा चालण्यासाठी असतो आणि रीतसर सूचना देऊन पालिका तो मोकळा करू शकते. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली.

म्हणजे तत्त्व जिंकले आणि झोपडी हरली. भायखळ्याच्या बायका त्या दिवाळीकडे भीतीनेच डोळे लावून बसल्या होत्या.

मोजले गेलेले लोक

नागपाडा नेबरहुड हाऊस आपल्याला सांगायला नकोच. तेथे बास्केटबॉल खेळलेले आपल्यात कितीतरी असतील. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात ते सुरू केले, आणि १९३६ साली टाटांच्या साहाय्याने समाजकार्याचे शिक्षण देणारी भारतातली पहिली संस्था त्याच वास्तूत निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. ह्याच नेबरहुड हाऊसमध्ये काम करणाऱ्या शीला पटेल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांच्या ध्यानात आले, की आपल्या दारासमोरच्या फुटपाथवरच्या बायका संस्थेत कधी आत येत नाहीत. त्या तेथून बाहेर पडल्या आणि १९८४ साली त्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापिली. भायखळ्यातल्या पालिकेच्या दवाखान्यामागचे एक गॅरेज हे तिचे पहिले कार्यालय.

निकालानंतर सर्वांना प्रश्न पडला, की आता काय करायचे. स्पार्कच्या मंडळींनी आधी माणसे मोजायचे ठरवले. १९७६ साली सरकारने झोपडपट्ट्यांची गणना केली होती, परंतु फुटपाथवर राहणाऱ्यांना तीत धरलेच नव्हते. सरकारदरबारी ते नव्हतेच. १९८५ साली ई वॉर्डात आणि काही मोठ्या रस्त्यांवर घरोघर, म्हणजे आडोशा-आडोशाने, जाऊन मोजणी झाली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे निघाली. त्या अहवालाला नाव दिले त्याचा अर्थ ‘आम्ही, कुणाला न दिसणारे’ असा होता. ही माणसे भिकारी किंवा चोर नाहीत, कष्ट करून खाणारी आहेत, कित्येक जण वर्षानुवर्षे त्याच जागी आहेत, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. ज्या मोठ्या पाडापाडीची धास्ती होती ती त्या वर्षी झाली नाही.

१९८६ साली ह्याच फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. तिला जोड मिळाली ती जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाची. जोकिन हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावचे. मुंबईत सुतारकाम करणारा हा तरुण मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिला, आणि १९७६ साली ती हजारो माणसांची वस्ती हटवली गेली तेव्हा तिच्यासाठी लढला. त्या लढ्यातून तो एक गोष्ट शिकला, की नुसते नको नको म्हणून भागत नाही. काय हवे तेही आपल्यालाच सांगता आले पाहिजे. पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते वारले.

बायकांनी बांधलेले घर

महिला मिलनच्या बायकांनी पहिली मागणी केली ती घराची नव्हे, रेशन कार्डाची. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून धान्य नाही, शाळेत मुलाचे नाव नाही, पोलीस चौकीत दाद नाही. एकेकटी बाई रेशन ऑफिसात गेली तर तिला हाकलून देत. दहा-पंधरा जणी अर्ज कसा भरायचा ते शिकून एकत्र गेल्या तेव्हा साहेबाला खुर्ची द्यावी लागली. ‘कर’ लावून गावाचे नाव मिरवणाऱ्या आपल्या लोकांना त्या कागदाची किंमत कळायला हरकत नसावी.

दुसरे काम बचतीचे. रोज एक रुपया, दोन रुपये, जे जमेल ते. पैसे गोळा करणारी बाई रोज दारोदार फिरे. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे टाकून हिशेब ठेवीत. या बचतीतून आजारपण, बाळंतपण, हातगाडी यांसाठी लहान कर्जे दिली जात. रोज दारात येणारी बाई पैसे तर नेतेच, पण कोण आजारी आहे, कुणाचा नवरा मारतो, कुणाची चूल आज पेटली नाही, हेही तिला कळते. बँक आणि शेजारधर्म यांचा असा मिलाफ आपल्या जुन्या भगिनी मंडळांच्या भिशीतही होताच.

तिसरे काम घराच्या आराखड्याचे. या बायकांनी शहरातल्या निरनिराळ्या इमारती आणि खोल्या हिंडून पाहिल्या. इंजिनियरांची मापे समजेनात तेव्हा साडीच्या लांबीने मापे घेतली. मग बांबू आणि कापड लावून खऱ्या आकाराचे घर उभे केले आणि लोकांना दाखवायला ठेवले. त्यांच्या घराला छत १४ फूट उंच होते, म्हणजे अर्ध्या भागात माळा काढता येईल. खाली कामधंदा, वर झोपायला जागा. संडास मात्र त्यांनी घराबाहेर, काही कुटुंबांत मिळून एक असा मागितला. अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटले. बायकांचे म्हणणे असे, की घरात संडास असला म्हणजे घराला श्रीमंताचा डोळा लागतो, आणि मग आज ना उद्या ते विकून आम्ही पुन्हा फुटपाथवर. कुणा वास्तुशास्त्रज्ञाला हे सुचले नसते.

त्यांच्या ‘मिलन नगर’ सोसायटीला जागा मिळायला मात्र बरीच वर्षे गेली. १९९५ साली राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या फुटपाथवासीयांनाही धरले गेले. पालिकेने ज्यांना मोजलेच नव्हते, त्यांना सरकारने प्रथमच घराचे हक्कदार मानले. घर २२५ चौरस फुटांचे ठरले. जागा मिळाली मानखुर्दला. हार्बर लाइनची स्टेशने आपल्याला पाठ आहेत : मसजिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, कुर्ला, आणि मग चेंबूर, गोवंडीच्याही पलीकडे मानखुर्द. मसजिद स्टेशनचे नाव आपल्या १७९६ च्या जुन्या मशिदीवरून, शाआर हारहमीम सिनेगॉगवरून पडले, असे आपले वडील सांगत. त्या लाइनीच्या या टोकाच्या फुटपाथवरून त्या टोकाच्या इमारतीत, अशी काही शे कुटुंबे २००० नंतरच्या वर्षांत राहायला गेली. योगायोग असा, की नागपाड्यात जन्मलेली टाटा संस्थाही १९५० च्या दशकात देवनारला गेली होती. फुटपाथच्या बायका तिच्या शेजारी जाऊन राहिल्या.

जाण्यापूर्वीच कुटुंबांचे गट केले होते. जे फुटपाथवर शेजारी होते त्यांना शक्यतो इमारतीतही शेजारी ठेवले. बचत गट तसेच चालू राहिले. रुळांच्या कडेची सुमारे ९०० कुटुंबे १९९८ साली कांजूरमार्गला हलली, तेव्हा त्यांनी आपल्या झोपड्या आपल्याच हातांनी मोडल्या. १९८१ ची पाडापाडी आणि ही, दोन्हींत झोपड्याच मोडल्या. पण पहिलीत पोलीस होते आणि दुसरीत घरमालकीण होती. या कामाची कीर्ती बाहेरही गेली. दक्षिण आफ्रिकेतली बेघर माणसे भायखळ्याला शिकायला आली, आणि १९९६ साली अनेक देशांतल्या अशा संघटनांचा जागतिक संघ स्थापन झाला.

आपले तंबू

आता आपल्याकडे वळू. आलिया करून आलो तेव्हा आपणही काही काळ बेघरच होतो. १९५० साली लेवी एश्कोल यांच्या सूचनेवरून माबारोत, म्हणजे तात्पुरत्या छावण्या, सुरू झाल्या. १९५१ च्या अखेरीस त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे होती. इराकची, रुमानियाची, येमेनची, आणि आपली. कापडी तंबू, पत्र्याच्या खोल्या, लाकडी झोपड्या; नळाला रांग, पावसात चिखल. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना मी काय सांगावे! मग शिक्कून आले, अमिदारची भाड्याची घरे आली, आणि बेरशेबा, दिमोना, येरुहाम, लोद, रामला, अश्दोद, किर्यात गात येथे आपली माणसे वसली.

घर मिळाले खरे, पण घराबरोबर सगळेच मिळाले नाही. कामावर आणि घरवाटपात दुजाभाव होतो, अशी तक्रार घेऊन आपल्यातले काही जण सोखनूतच्या दारात धरणे धरून बसले, आणि १९५२ साली शंभराहून अधिक जणांना भारतात परत नेण्यात आले. त्यांतले पुष्कळ जण पुढे पुन्हा इकडे आले. आणि आपल्या विवाहांविषयी शंका काढल्या गेल्या तेव्हा, घरदार असलेल्या आपल्या लोकांना पुन्हा येरुशलायिमच्या रस्त्यावर बसावे लागले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच आहेत. म्हणजे छप्पर मिळाल्यानंतरही, ‘तुम्ही आमचेच’ हे ऐकायला आपल्याला दहा-पंधरा वर्षे थांबावे लागले. फुटपाथवरच्या बाईला रेशन कार्ड का हवे होते, हे यावरून कळावे.

१९७७ साली बेगिन सरकारने पडझड झालेल्या वस्त्यांच्या सुधारणेची योजना जाहीर केली, तेव्हा इमारतींच्या डागडुजीबरोबर बालवाड्या, वृद्धांचे क्लब, शिक्षणाचे वर्ग यांनाही पैसा दिला, आणि रहिवाशांच्या समित्यांना निर्णयात बसवले. आधी बांधलेल्या घरांत जे राहून गेले होते, ते भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली रोझॅन हॅगर्टी यांनी टाइम्स स्क्वेअरजवळचे एक मोडकळीस आलेले हॉटेल घेऊन त्याच्या खोल्या बेघर माणसांना आणि कमी पगाराच्या नोकरदारांना मिळून भाड्याने दिल्या. डॉक्टर, समाजसेवक आणि नोकरी शोधून देणारे त्याच इमारतीत बसत. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले : आधी घर, मग बाकीची मदत, पण मदत कधी तोडायची नाही.

जे साधले नाही

सर्व काही गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. भायखळ्याच्या फुटपाथवर आजही माणसे राहतात. मानखुर्द-गोवंडीकडे पुनर्वसनाच्या ज्या वसाहती पुढे उभ्या राहिल्या, त्यांतल्या काहींत इमारती इतक्या जवळजवळ बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तेथे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याचे डॉक्टरांनी पाहणी करून दाखवले आहे. लिफ्ट बंद पडते, पंपाचे बिल थकते. फुटपाथवर ज्याला भाडे, वीजबिल आणि सोसायटीची वर्गणी नव्हती त्याला ती दरमहा भरावी लागते. धुणीभांड्यांचे काम भायखळ्यात राहिले आणि घर मानखुर्दला गेले. देवनारचे कचऱ्याचे डोंगर जवळच आहेत. ज्या इमारतीत जुने शेजारी एकत्र राहिले आणि बायकांचा बचत गट टिकला, तेथे जिना झाडला जातो आणि पंप दुरुस्त होतो. जेथे चिठ्ठ्या टाकून अनोळखी कुटुंबे एकमेकांच्या दाराशी आणून ठेवली, तेथे प्रत्येकाने आपले दार लावून घेतले.

आपल्यालाही हा अनुभव आहे. नव्या शिक्कूनमध्ये पहिल्या वर्षी आपल्याला काय कमी होते? भिंती होत्या, नळ होता. कमी होते ते माणूस. मराठीत हाक मारणारी शेजारीण, मुलाची नोकरी बघून देणारा चुलता, मयतीला दहा पुरुष. मग कुणाच्या तरी खोलीत शब्बाथची प्रार्थना सुरू झाली, नंतर एखादी झोपडी किंवा तळघर मिळाले, वर्गण्या निघाल्या, एलियाहू हन्नवीचा मलिदा झाला, आणि मग कुठे आपण त्या गावचे झालो. अशाच कुठल्या तरी खोलीतून आपली सिनेगॉगे वाढली. म्हणून आजचा वर्धापनदिन हा केवळ एका वास्तूचा वाढदिवस मानू नये. वसाहतीचे गाव कधी झाले, त्याची ही तारीख आहे.

नव्याने आलेले लोक आजही आपल्या गावांत येतात. कुणी इथिओपियाचे, कुणी रशियन बोलणारे, कुणी मणिपूर-मिझोरामचे बेने मेनाशे. त्यांना घराची किल्ली सरकार देईल. पण जिन्यात भेटल्यावर नाव विचारणे आणि पहिल्या शुक्रवारी दार ठोठावणे हे काम सरकारचे नाही. हाइलचा हातिम टेकडीवर विस्तव पेटवीत असे, तो रात्रीपुरता. नवगावच्या गावकऱ्यांनी मात्र आपल्या पूर्वजांना घाणा दिला, शनिवार दिला आणि गावाचे नाव दिले. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. आपल्या आडनावात मात्र ते रोज उच्चारले जाते.

आपल्या सिनेगॉगला दीर्घायुष्य लाभो आणि त्याचे दार उघडे राहो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.